हरणांची पारध (पेण-रोहा परिसर)

हरणाचा पायी माग काढून, त्याच्या नकळत त्याच्या जवळ पोहोचून केलेल्या शिकारीला या लेखात हरणांची पारध म्हटले आहे. 'पारध' हा शब्द मराठीत कोणत्याही शिकारीसाठी वापरला जातो. हाक्याची शिकार, मचाणावरून केलेली शिकार आणि जाळे लावून केलेली शिकार यांनाही तो लागू पडतो. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा हे तालुके आणि त्यांना जोडून असलेला मुरूड तालुक्याचा डोंगराळ भाग येथे सांबर व भेकर यांची पारध पूर्वी सर्रास होत असे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे ती आता पूर्णपणे बेकायदेशीर आहे. पहाटे रानात शिरणे, वारा ओळखणे, खुरांचा माग वाचणे ही कौशल्ये मात्र टिकून आहेत. वनरक्षकांची गस्त, प्राणिगणना आणि वन्यजीव निरीक्षण यांत त्यांचा आजही उपयोग होतो, आणि शिकारीच्या काळी रानात जे धोके होते त्यांतील बहुतेक निरीक्षकालाही चुकलेले नाहीत.

परिसर

पेण हे शहर भोगावती नदीकाठी, तर रोहा कुंडलिका नदीकाठी वसले आहे. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यातून अंबा नदी नागोठण्यावरून खाडीकडे जाते. पेण तालुक्याचा पश्चिम भाग खाड्या, खारजमिनी व मिठागरे यांनी व्यापलेला आहे. पूर्वेकडे जमीन चढत जाऊन सह्याद्रीच्या सोंडांना मिळते. सांकशी किल्ल्याचा व महालमिऱ्याचा डोंगर याच तालुक्यात येतो. रोहा तालुक्यात अवचितगड, सुरगड, घोसाळगड अशा किल्ल्यांभोवतीचे डोंगर, सुकेळी खिंड आणि भिसे खिंड यांच्या आसपास दाट झाडी आहे. पेणच्या उत्तरेस, पनवेल तालुक्यात, महामार्गालगत कर्नाळा पक्षी अभयारण्य (स्थापना १९६८) असून तेथेही भेकर आढळते.

या पट्ट्यातील हरणांचे सर्वांत मोठे आश्रयस्थान म्हणजे फणसाड अभयारण्य. मुरूड व रोहा तालुक्यांच्या सीमेवरील सुमारे ७० चौरस किलोमीटरचे हे जंगल १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. ऐन, किंजळ, साग, जांभूळ, अंजनी आणि जाडजूड गारंबीच्या वेली यांनी ते गच्च भरलेले आहे. त्यातील बारमाही पाण्याच्या जागांना स्थानिक भाषेत 'गाण' म्हणतात. चिखलगाण आणि फणसाडगाण ही त्यांतली परिचित नावे. उन्हाळ्यात ओहोळ आटल्यावर जनावरांची सारी ये-जा या गाणींभोवती एकवटते.

विदर्भातील विरळ सागवानी जंगलाशी तुलना केल्यास या रानाचे एक वैशिष्ट्य लगेच ध्यानात येते. येथे दृष्टी फार लांब पोहोचत नाही. पावसाळ्यानंतर तर वीस-तीस पावलांपलीकडचे जनावर पूर्ण दिसणे ही नशिबाची गोष्ट असते. दिसतो तो कानाचा तुकडा, पायांची हालचाल किंवा फांद्यांचे थरथरणे. पारधीची येथील पद्धत आणि तीत होणारे अपघात या दोहोंचे मूळ या अर्धवट दिसण्यात आहे.

हरणांच्या जाती

सांबर हे भारतातील सर्वांत मोठे हरीण. पूर्ण वाढलेल्या नराची खांद्याजवळील उंची दीड मीटरच्या आसपास भरते आणि वजन दोनशे किलोग्रॅमच्या पुढे जाते. ते मुख्यतः रात्री चरते, उजाडताना डोंगरउतारावरील दाट झाडीकडे परतते आणि दिवसाचा बराच काळ तेथेच सावलीत बसून काढते. धोक्याची शंका आल्यास ते शेपूट ताठ करून पुढचा पाय जमिनीवर आपटते व भोंग्यासारखा मोठा, तुटक आवाज काढते. नराची शिंगे हिवाळ्यात, माजाच्या काळात, टणक असतात. उन्हाळ्याच्या सुमारास ती गळतात आणि पावसाळ्यात मखमली सालीखाली नवी वाढू लागतात. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत सांबर २००८ पासून 'असुरक्षित' या वर्गात आहे.

भेकर आकाराने शेळीएवढे, पंचवीस किलोग्रॅमच्या आतबाहेर वजनाचे आणि बहुधा एकटे राहणारे. त्याचा धोक्याचा आवाज कुत्र्याच्या भुंकण्याशी इतका मिळता असतो की नवखा माणूस जवळपास वस्ती असल्याच्या समजुतीने चालू लागतो. बिबट्याची चाहूल लागलेले भेकर बराच वेळ थांबून थांबून भुंकत राहते. रानात फिरणाऱ्यांच्या दृष्टीने ही सर्वांत उपयोगी सूचना होय.

पिसोरी किंवा मूषकहरीण हे जेमतेम एक फूट उंचीचे, दोन ते चार किलोग्रॅम वजनाचे निशाचर जनावर खऱ्या हरणांच्या कुळातले नाही. त्याला शिंगे नसतात. नराचे सुळे मात्र वाढलेले असतात. हरणांची शिंगे भरीव असून दरवर्षी गळतात, तर काळवीट, चिंकारा, चौसिंगा यांची शिंगे पोकळ व कायमची असतात. त्यामुळे बोलीत सर्वांना हरीण म्हटले जात असले तरी प्राणिशास्त्रात हे तीन वेगळे गट आहेत. प्राण्यांच्या मराठी व आदिवासी बोलींतील नावांचे मोठे संकलन वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनी केले आहे.

इतिहास

फणसाडचे जंगल पूर्वी जंजिरा संस्थानात होते आणि केसोलीचे रान या नावाने ओळखले जाई. सिद्दी नबाबांनी ते स्वतःच्या शिकारीसाठी राखले होते. सिद्दी अहमद खान (कारकीर्द १८७९–१९२२) आणि त्यांच्यानंतरचे सिद्दी मुहम्मद खान हे संस्थानाचे अखेरचे दोन नबाब. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. इतरांना बंद असल्यामुळे हे रान टिकले, ही गोष्ट भारतातील अनेक अभयारण्यांप्रमाणे येथेही खरी आहे. मात्र त्या राखणीचा भार आसपासच्या गावांवर पडत असे. पिकात शिरणारे जनावर राजाच्या शिकारीचे, आणि नुकसान रयतेचे, असा तो व्यवहार होता.

पेण व रोहा हे तालुके ब्रिटिश अमलातील कुलाबा जिल्ह्यात मोडत. (१९८१ मध्ये या जिल्ह्याचे नाव रायगड झाले.) मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमालेतील कुलाबा व जंजिरा यांवरील अकरावा खंड १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. या संस्थेच्या आरंभीच्या सभासदांत शिकारीचा छंद असलेले बरेच जण होते, आणि तिच्या नियतकालिकात शास्त्रीय टिपणांशेजारी शिकारीच्या नोंदीही छापल्या जात. भारतीय सस्तन प्राण्यांविषयीच्या आरंभीच्या ज्ञानाचा बराचसा भाग बंदूक घेऊन हिंडणाऱ्यांनी जमवलेला आहे.

साहेबी आणि संस्थानी शिकारीखेरीज गावाची स्वतःची शिकार होती. शिमग्याच्या सुमारास गावकऱ्यांनी मिळून रानात हाका घालण्याची रीत कोकणात अनेक ठिकाणी होती. हाकारे आरडाओरडा करीत, डबे व ढोल वाजवीत रान उठवीत, आणि जनावरांच्या वाटांवर बंदूकवाले दबा धरून बसत. ससे व लहान हरणे पकडण्यासाठी वाघर, म्हणजे लांबलचक जाळे, लावली जाई. कातकरी व ठाकूर या समाजांना रानाची जी बारीक माहिती होती तिचा लाभ संस्थानिक, इंग्रज अधिकारी आणि गावचे खोत या सर्वांनी घेतला. वाट दाखवणारा, माग काढणारा आणि जखमी जनावराच्या मागे झाडीत सर्वांत आधी शिरणारा माणूस बहुधा कातकरी असे. शिकारीच्या छायाचित्रांत त्याचे नाव क्वचितच येते.

डोंगरउतारावरील दळी जमिनींत नाचणी व वरी पिकवणाऱ्या कुटुंबांसाठी ही शिकार हौसेपेक्षा राखणीचा भाग होती. सांबर किंवा रानडुक्कर एका रात्रीत वर्षाचे धान्य तुडवू शकते. म्हणून शेतात माळा बांधून, शेकोटी पेटवून, गोफण व डबे घेऊन रात्रभर जागण्याची प्रथा पडली, आणि पुढे काहींनी पीकसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने घेतले. ही अडचण आजही मिटलेली नाही. फरक इतकाच की आता शासनाकडून नुकसानभरपाई मिळवण्याचा कायदेशीर मार्ग उपलब्ध आहे.

पहाटेची वेळ आणि वारा

रात्री पाणी पिऊन व चरून जनावरे दाट झाडीकडे परतत असतात तो पहाटेचा तासाभराचा काळ पारधीला सर्वांत सोयीचा मानला जाई. जानेवारीत या भागात सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतो आणि त्याआधी वीस-पंचवीस मिनिटे आकृती ओळखता येण्याइतके उजाडते. अनुभवी पारधी अंधारातच ठरलेल्या जागी पोहोचून उजेडाची वाट पाहत असे. चालायला सुरुवात उजाडल्यावरच होई. या शिस्तीमागे दोन कारणे होती. अंधारात चालणाऱ्या माणसाचा आवाज फार होतो, आणि अंधारात दिसलेली आकृती कशाची हे सांगता येत नाही.

हरणाचे नाक त्याच्या डोळ्यांपेक्षा कितीतरी पटींनी तीक्ष्ण असते. त्यामुळे वाऱ्याची दिशा चुकली तर बाकी सारी खबरदारी व्यर्थ जाते. किनाऱ्यालगतच्या या डोंगरांत वाऱ्याचे दैनंदिन वेळापत्रक बरेचसे निश्चित असते. हिवाळ्यात रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. कोळी लोक यालाच मतलई वारा म्हणतात. शिवाय थंड झालेली जड हवा घळींतून खाली उतरत असते. दोन्ही कारणांनी पहाटेचा वारा साधारणपणे पूर्वेकडून व वरून खाली येतो. म्हणजे पश्चिमेकडून, उताराच्या पायथ्याकडून वर चढत जाणाऱ्या माणसाचा वास मागे राहतो. सकाळी दहा-अकराच्या सुमारास जमीन तापली की चित्र उलटते. समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, घळीतली हवा वर चढू लागते, आणि पायथ्याशी असलेल्या माणसाचा वास शिखरापर्यंत पोहोचतो. पहाटेची पारध त्या सुमारास आटोपती घेण्याचा संकेत यातूनच आला असावा. पावसाळ्यात हे वेळापत्रक लागू होत नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे सर्वकाळ एकाच बाजूने वाहतात.

वारा पाहण्यासाठी चिमूटभर राख किंवा सुकी माती बोटांतून सोडण्याची साधी पद्धत वापरली जाते. वन्यजीव छायाचित्रकारही हेच करतात.

माग काढणे

माग काढणे म्हणजे जमिनीवरील व झाडावरील खुणांवरून जनावर कोणते, किती वेळापूर्वी व कोणत्या दिशेने गेले हे ठरवणे. सांबराच्या खुराचा ठसा सुमारे चार बोटे रुंदीएवढा लांब व टोकदार असतो. भेकराचा ठसा अंगठ्याच्या एका पेराएवढाच भरतो. रानडुकराच्या ठशात मागच्या बाजूस दोन लहान जास्तीचे नखठसे बहुधा उमटतात आणि पुढचे टोक बोथट असते. गुरांचे ठसे रुंद व गोलसर असतात. गुरचरणीच्या वाटेवर ते सर्व खुणा पुसून टाकतात.

ताजेपणा ठरवण्यासाठी दवाचा मोठा उपयोग होतो. गवतावरचे दव झडलेले असेल तर जनावर पहाटे गेले. ठशात दव साचले असेल तर ते रात्रीच गेले. वाटेवर आडवे विणलेले कोळ्याचे जाळे अखंड असेल तर रात्रीतून त्या उंचीचे काही त्या वाटेने गेलेले नाही. लेंड्यांची चकाकी, ओल्या मातीत घेतलेली लोळण, झाडाच्या खोडावर शिंगे घासून सोललेली साल आणि तिच्यातून अजून ओघळणारा चीक या इतर खुणा होत. खाऱ्या मातीच्या जागा चाटण्यासाठी सांबरे वारंवार येतात, त्यामुळे तिथले ठसे एकमेकांवर पडलेले आढळतात आणि वाचायला कठीण जातात.

चालण्याची पद्धतही ठरलेली असते. थोडी पावले टाकून थांबायचे, ऐकायचे, पुन्हा चालायचे. एका लयीत चालणारा प्राणी जंगलात माणसाशिवाय जवळजवळ नसतो, आणि हरणे ती लय ओळखतात. सुक्या पाचोळ्यात, विशेषतः फेब्रुवारीनंतर सागाची पाने गळल्यावर, आवाज न करता चालणे अशक्यप्राय होते. अशा वेळी पाणवठ्याजवळ एका जागी बसून राहणे हाच उपाय उरतो.

बंदूक आणि अपघात

ग्रामीण भागात पूर्वी ठासणीची बंदूक प्रचलित होती. नळीच्या तोंडातून दारू, चिंध्या व शिसे ठासून भरायचे आणि मागच्या बाजूस टोपी बसवायची, अशी तिची रचना. या बंदुकीची खरी अडचण ती रिकामी करण्याची होती. एकदा भरलेला बार काढून टाकणे जिकिरीचे असल्याने ती भरलेल्या अवस्थेतच घरी येई, भिंतीला टांगली जाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच रानात जाई. टोपी काढून ठेवणे एवढीच काय ती सुरक्षितता. दमट पहाटे दारू ओलसर होऊन बार उशिराने उडणे हा आणखी एक धोका होता; चाप ओढूनही बार उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून काही काळ थांबावे लागे, आणि उतावळेपणाने नळीत डोकावणारे जखमी होत. बारा बोअरची काडतुसी बंदूक आल्यावर रिकामी करण्याचा प्रश्न सुटला, पण मोठ्या छर्ऱ्यांची काडतुसे दूरवर फाकत, आणि कातळावर आपटून छर्रे भलत्याच दिशेला उसळत.

जगभरच्या शिकारशिक्षणात बंदुकीचे जे मूलभूत नियम शिकवले जातात, ते या अपघातांतूनच आले आहेत. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे समजावे. नळी कधीही माणसाच्या दिशेने धरू नये. नेम धरेपर्यंत बोट चापापासून दूर ठेवावे. ओढा, कुंपण किंवा कडा ओलांडताना बंदूक रिकामी करावी. या सर्वांहून मोठा नियम लक्ष्य ओळखण्याचा. आवाजावर, हलणाऱ्या फांदीवर किंवा विजेरीत चमकणाऱ्या डोळ्यांवर बार टाकू नये. जनावर पूर्ण दिसावे, आणि त्याच्या मागे काय आहे तेही दिसावे. कोकणातील दाट रानात हा नियम पाळणारा पारधी दहापैकी नऊ वेळा रिकाम्या हाताने परतणार, आणि तो मोडण्याचा मोह त्यामुळेच प्रबळ ठरतो.

असे अपघात केवळ जुन्या काळातले नाहीत. २०२५ च्या जानेवारीअखेरीस पालघर जिल्ह्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात, रानडुकराच्या शिकारीसाठी गेलेल्या गावकऱ्यांच्या गटात एकाने साथीदारालाच जनावर समजून गोळी झाडली. साथीदार मरण पावला आणि भीतीपोटी त्याचा मृतदेह झुडपांत लपवण्यात आला. काही दिवसांनी पोलिसांना तो सापडला. बेकायदेशीर शिकारीतील अपघाताचे हे ठरलेले रूप आहे. गुन्हा उघड होईल या धास्तीने मदत बोलावली जात नाही, आणि वाचू शकणारी जखमही जिवावर बेतू शकते.

हाक्यात हा धोका कैक पटींनी वाढतो, कारण हाकारे स्वतःच बंदुकांच्या दिशेने चालत येत असतात. जेथे शिकार कायदेशीर आहे अशा अनेक देशांत म्हणून भडक नारिंगी वस्त्रे सक्तीची आहेत. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. नारिंगी व तांबडा रंग त्यांना वेगळा उठून दिसत नाही, मात्र निळा रंग ती चांगला पाहतात. नारिंगी अंगरखा माणसाला दिसतो, हरणाला नाही. छलावरणाचे कपडे घालून फिरणाऱ्या हौशी छायाचित्रकारांनी हे ध्यानात घेण्याजोगे आहे, कारण रानात चोरटे शिकारी नसतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

कायदा

मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. १९७२ च्या केंद्रीय अधिनियमातही आरंभी ठरावीक प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाने देण्याची तरतूद होती. सांबर, चितळ व भेकर तिसऱ्या अनुसूचीत, तर पिसोरी पहिल्या अनुसूचीत होती. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ती व्यवस्था रद्द झाली. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना केली. ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली.

कायद्यातील शिकारीची व्याख्या व्यापक आहे. ठार मारणे, जखमी करणे, विष घालणे, फासे लावणे, पकडणे याबरोबरच जनावराला हाकलणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हीही शिकारच ठरते. हाक्यात नुसते डबे वाजवणारा माणूस त्यामुळे सुटत नाही. अभयारण्यातील शिकारीस आणि पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीस किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करणे व शस्त्र नेणे हे स्वतंत्र गुन्हे आहेत. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकांनी आपली नोंदणी करणेही कायद्याने बंधनकारक आहे. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक असली म्हणून हरीण मारण्याचा अधिकार मिळत नाही. जिवावर बेतल्यास सद्भावनेने केलेला स्वसंरक्षणाचा बार गुन्हा ठरत नाही, पण मेलेले जनावर शासनाच्या मालकीचे होते.

रानात सापडलेले गळालेले सांबरशिंग उचलून घरी नेणे हाही गुन्हा आहे, हे पुष्कळ पर्यटकांना ठाऊक नसते.

याउलट स्कॉटलंडमध्ये हरणांची पायी शिकार कायदेशीर असून व्यवसाय म्हणूनही चालते. तेथे लांडगे नामशेष झाल्याने हरणांची संख्या आवरणारे नैसर्गिक कारण उरलेले नाही. फणसाडमध्ये ते काम बिबट्या करतो.

आजचे निरीक्षण

फणसाड अभयारण्य ठाणे वन्यजीव विभागाच्या अखत्यारीत आहे. त्याबाहेरील पेणची वने अलिबाग वन विभागात व रोह्याची वने रोहा वन विभागात येतात. अभयारण्यात सुपेगावच्या बाजूने प्रवेश होतो. ठरलेल्या वेळेत, परवानगी घेऊन व स्थानिक वाटाड्यासह जावे लागते. ज्या वाड्या-पाड्यांतील लोक एके काळी शिकाऱ्यांना वाट दाखवीत, तेथील तरुणांपैकी काही जण आता हे काम करतात.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री राज्यातील अनेक अभयारण्यांत पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राण्यांची नोंद घेतली जाते आणि फणसाडमधील गाणींवरही निरीक्षक बसवले जातात. चंद्रप्रकाश भरपूर आणि पाणी कमी असल्याने ही रात्र निवडली जाते. या नोंदीवरून प्राण्यांची नेमकी संख्या ठरत नाही. एकच भेकर दोन पाणवठ्यांवर मोजले जाऊ शकते. अचूक अंदाजासाठी स्वयंचलित कॅमेरे व ठरावीक रेषेवरून चालत केलेली मोजणी अधिक भरवशाची मानली जाते.

रानातील सुरक्षितता

पेण-रोहा भागात पहाटे रानात जाणाऱ्याला बिबट्यापेक्षा सापाचा व पाय घसरण्याचा धोका अधिक असतो. घोणस, फुरसे, नाग व मण्यार हे चारही प्रमुख विषारी साप या पट्ट्यात आढळतात. फुरसे दगडांच्या सांदीत व पाचोळ्यात राहते आणि त्याच्या लहान आकारामुळे ध्यानात येत नाही. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, जाड विजार व अंधारात विजेरी एवढ्याने धोका पुष्कळ कमी होतो. दगडाला किंवा ओंडक्याला हात घालण्यापूर्वी पाहावे. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरीने घट्ट आवळू नये. रुग्णाला धीर देऊन, दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवून, शक्य तो न चालवता प्रतिसर्पविष मिळणाऱ्या रुग्णालयात न्यावे. पेण व रोहा येथे उपजिल्हा रुग्णालये आणि अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. साप मारून सोबत नेण्याची गरज नसते. त्या प्रयत्नात दुसऱ्याला दंश होण्याची शक्यता वाढते.

कोकणातील लाल विंचवाचा दंश एके काळी सापाइतकाच प्राणघातक होता. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर सुरू करून या दंशाने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटवले. त्यांचे हे काम याच जिल्ह्यात झाले.

हिवाळ्याच्या अखेरीस खाजकुयलीच्या शेंगा वाळतात व त्यांची कूस वाऱ्याने उडते. अंगभर कपडे घालणे हाच बचाव. कूस लागल्यास चोळू नये. आग्या मोहोळाच्या आसपास धूर करू नये, उग्र अत्तर लावून जाऊ नये, आणि माश्या उठल्यास हात न झटकता तोंड झाकून दूर पळावे. बिबट्या समोर आल्यास पाठ फिरवून धावू नये. ताठ उभे राहून, मोठ्याने बोलत, सावकाश मागे सरावे. पिलांसह असलेली रानडुकरीण आणि माजावर आलेला सांबर नर यांच्यापासूनही अंतर राखावे, विशेषतः वाट अरुंद असताना.

पावसाळ्यात ओहोळ काही मिनिटांत फुगतात. पात्रात पाऊस पडत नसला तरी वर डोंगरात पडत असू शकतो. पाणी अचानक गढूळ होणे व त्यातून पाचोळा वाहत येणे ही पूर येण्याची खूण समजावी. उन्हाळ्यात भीती वणव्याची. काही वणवे निष्काळजीपणाने लागतात, काही शिकारीसाठी जनावरे बाहेर काढण्यास मुद्दाम लावले जातात. आग चढावर झपाट्याने पसरते, म्हणून वणव्यापासून वाचण्यासाठी वर चढू नये. आधीच जळून गेलेली किंवा उघड्या कातळाची जागा गाठावी.

चोरट्या शिकारीची साधने माणसालाही तितकीच घातक आहेत. वाटेच्या कडेला झुडपाला बांधलेला तारेचा फासा, शेताभोवती रात्री वीज सोडलेली उघडी तार, रानडुकरांसाठी आमिषात लपवलेला गावठी स्फोटक गोळा यांपैकी काही दिसल्यास हात लावू नये. जागेची खूण लक्षात ठेवून, आलेल्या वाटेनेच परतावे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. कोणी जखमी असल्यास १०८ किंवा ११२ वर संपर्क साधावा. दरीत दूरध्वनीची लहर मिळत नाही, त्यामुळे कोठे जात आहोत व किती वाजता परतणार हे निघण्यापूर्वी गावात कोणाला तरी सांगून ठेवण्याची जुनी पद्धत येथे अजूनही पाळली जाते.